बोली सुटली, आता खोकं कोण बांधणार?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीतून निवृत्त झालो. राहायला मध्य रेल्वेवरच्या उपनगरात, वन बीएचके. वडिलांच्या मागे दीडेकशे ग्रामोफोन रेकॉर्ड उरल्या होत्या आणि शुक्रवारी पहाटे चोरबाजारात चक्कर मारायची सवय मला कॉलेजपासूनची. त्यातून संग्राहकांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर लिलाव लावू लागलो. महिन्याला पंधरा-वीस नग जातात. बोली चढताना बघायला मजा येते, पण पाठवायची वेळ आली की जीव नकोसा होतो. पोस्टात तासभर रांग, माझा नंबर लागला की 'सर्व्हर डाउन'. कुरिअरवाला येतो म्हणतो आणि येत नाही, आला तर वजन भलतंच लावतो. गेल्या महिन्यात नागपूरला 78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी, जुन्या काळची) एक रेकॉर्ड कुरिअरने पाठवली. कव्हरात घातली, बबल रॅप गुंडाळला, बरोबर मापाच्या खोक्यात बसवली, चारी बाजूंना लाल शाईने 'नाजूक' लिहिलं. पोचली ती दोन तुकडे होऊन. गिऱ्हाइकाने ग्रुपवर फोटो टाकून माझी शोभा केली, वर पैसे परत मागतोय. चूक कुरिअरची, भुर्दंड मला का? शिवाय दुबईहून एकजण विचारतोय, पाठवाल का म्हणून. ही म्हणते, पलंगाखाली खोकी आणि डोक्यात राख, एकदाचं बंद करा. करू का बंद?

— एक खोकेवाला

उत्तर : प्रिय खोकेवाले,

तुमचं पत्र वाचताना दोनदा हसू आलं आणि एकदा कपाळाला हात लावला. हसू सर्व्हरला आणि पलंगाखालच्या खोक्यांना, कारण दोन्ही मी भोगलंय. हात लावला तो 'बरोबर मापाच्या खोक्यात' या शब्दांना. म्हणून आधी नागपूरचं मिटवू.

कडू लागेल, पण चूक तुमची आहे. कुरिअरवाल्याने पार्सल आपटलं असणार, मान्य. पण पार्सल आपटलं जाणारच, हे धरूनच ते बांधायचं असतं. 78 ची रेकॉर्ड म्हणजे लाख आणि दगडाची पूड. एलपी, म्हणजे नंतर आलेली प्लास्टिकची रेकॉर्ड, निदान थोडी वाकते, ही वाकत नाही, थेट तडकते. काचेची बशीच समजा. ती बरोबर मापाच्या खोक्यात बसवली की खोक्याच्या कोपऱ्याला बसलेला दणका आडपडदा न ठेवता तिच्या कडेला बसतो. आणि तुमची ती लाल शाई! पार्सल गोणीत जातं, गोणीवर दुसरी गोणी पडते, अंधाऱ्या ट्रकमध्ये तुमचं 'नाजूक' कोण वाचणार?

आता बांधायचं कसं ते सांगते. 78 ची साधारण रेकॉर्ड दहा इंच व्यासाची. बारा-बारा इंचांचे पुठ्ठ्याचे दोन चौकोन कापा, खोक्याचा असतो तसला, आत लाटा असलेला. एका चौकोनाच्या लाटा उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ते एकावर एक धरा. दोन्हींच्या लाटा एकाच दिशेला असतील तर पुठ्ठा त्या रेषेवर वहीसारखा मिटतो आणि मधली रेकॉर्डही त्याच रेषेवर मोडते. हे मला एका जुन्या रेकॉर्डवाल्याने दाखवलं. दोन चौकोन हातात धरून वाकवून दाखवले, एक जोडी मुडपली, दुसरी जागची हलली नाही. रेकॉर्ड कागदी कव्हरासकट मधोमध ठेवा आणि चारी कडा टेपने अशा आवळा की आत ती सरकता कामा नये. टेप रेकॉर्डला कुठेही चिकटू देऊ नका. हे झालं सँडविच. त्यावर बबल रॅप. मग खोकं घ्यायचं ते सँडविचपेक्षा सगळ्या बाजूंनी निदान दोन इंच मोठं, आणि ती दोन इंच जागा ठासून भरायची. वर, खाली, चारी कडांना. टेप लावण्याआधी खोकं कानाशी धरून हलवा. आतून काही बोललं तर परत उघडा. बोललं नाही तर कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. तुमच्या हातून टाकायची छाती होत नसेल, तर ते पाठवण्यालायक बांधलेलं नाही.

एलपीची गंमत वेगळी. ती मोडत नाही, पण प्रवासात आतल्या आत सरकून कव्हराची शिवण फाडते, आणि अर्धी किंमत तर कव्हराचीच असते. म्हणून एलपी आतल्या पातळ पिशवीसकट बाहेर काढायची आणि कव्हराच्या मागे ठेवून दोघांना एकत्र बांधायचं. घेणारा घरी गेल्यावर आत घालेल.

पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत, खोक्याच्या आत सगळ्याला एक प्लास्टिकची पिशवी. भरायला वर्तमानपत्र नको, ओल धरतं आणि दबून सपाट होतं.

आता पैशांकडे वळू. तुम्ही हिशेब लिहिला नाहीत, म्हणून मीच मांडते. आकडे तुमचे वेगळे असतील, पण चाल हीच असणार. रेकॉर्ड गेली 350 ला, वर पाठवणीचे म्हणून सरसकट 80 घेतलेत. हातात आले 430. चोरबाजारात ती पडली होती 120 ला. खोकं, पुठ्ठा, बबल, टेप मिळून 45. पाठवायचे 125. पार्सल हातात घेऊन रिक्षाने गेलात-आलात, मीटर पडतं तेच 26 ला, म्हणजे जाऊन-येऊन 52. उरले 88 रुपये. त्यात बांधायचा अर्धा तास आणि रांगेचा एक. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय? राग पोस्टावर निघतो, पण तोटा तुम्ही त्या 80 च्या आकड्यात आधीच लिहून ठेवला होता.

हा शहाणपणा मला फुकट आलेला नाही. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आईचं सामान मी असंच ऑनलाइन विकलं. त्यात दिवाणखान्यातली काचेची हंडी होती. वजन जेमतेम सव्वा किलो, मी दीड किलोचा दर धरून घेणाऱ्याला आकडा सांगून मोकळी झाले. कुरिअरच्या मुलाने खोक्याला मोजपट्टी लावली: तीस, तीस, पंचवीस. तिन्हींचा गुणाकार भागिले 5000, साडेचार किलो झाले म्हणाला. मी त्याच्याशी दारात वाद घातला, शेजारीण बाहेर आली. तो बिचारा बरोबर होता. कुरिअर कंपन्या वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त त्याचे पैसे लावतात, आणि सेंटिमीटरमधल्या गुणाकाराला 5000 ने भागायचा हिशेब सर्रास चालतो. तुम्हाला 'भलतंच' वाटलेलं वजन बहुधा हेच. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिवणाची टेप घेऊन हा गुणाकार तुम्ही लिलाव लावण्याआधी करू शकता. आधी म्हणजे फोटो काढायच्याही आधी.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. तुम्ही आधी विकता आणि मग पाठवायचं कसं याचा विचार करता. पोस्टाची वेळ तुमच्या हातात नाही, कुरिअरवाल्याचा मूड तर नाहीच नाही. पण लिलाव कधी सुटणार, हे ठरवणारे तुम्हीच आहात. मग तो पोस्टाच्या सोयीने सोडा की!

तुमची शुक्रवारची चोरबाजाराची फेरी आहेच. सगळे लिलाव मंगळवारी रात्री सोडा. पैसे बुधवार रात्रीपर्यंत. गुरुवारी बांधाबांध, टेबल एकदाच पसरायचं आणि एकदाच आवरायचं. शुक्रवारी पहाटे चार-पाच पार्सलांची पिशवी घेऊन मालडब्यात चढा. सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार. पुढचं स्टेशन मशीद, तिथे खोकी, बबल रॅप, टेप घाऊक भावात मिळतात. नाक्यावरच्या स्टेशनरीतून सुट्टं घेणं सोडा. त्याच्या पुढचं सीएसएमटी, आणि बाहेर पडलात की जीपीओ, मुंबईचं मुख्य पोस्ट. तीन ओळीने स्टेशनं, एक पास, रिक्षा शून्य. जीपीओतही रांग असते, नाही असं नाही. पण खिडक्या जास्त आहेत, आणि उभं राहायचंच तर त्या घुमटाखाली उभं राहावं. विजापूरच्या गोलघुमटावर नजर ठेवून जॉन बेगने तो आराखडा केला आणि 1913 मध्ये इमारत उभी राहिली. मी तिथे वर बघत बघत नंबर चुकवलाय.

जवळच्या पोस्टातच जायचं असेल तर महिन्याचा पहिला आठवडा टाळा, मासिक व्याज काढणारी मंडळी असतात. राखीच्या आधीचा आठवडा टाळा. दिवाळीआधी फराळाची परदेशी पार्सलं निघतात, तेव्हा तर पोस्टाकडे फिरकूच नका. जाल तेव्हा पत्ते घरून लिहून न्या, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर दोन्ही, आणि खिडकीवरच्या ताईंना एकदा सहज विचारून ठेवा की आजची बॅग किती वाजता बंद होते. बॅग गेल्यावर दिलेलं पार्सल रात्रभर तिथेच बसतं, आणि तुमचं गिऱ्हाईक ट्रॅकिंग बघून तुम्हाला मेसेज करत बसतं.

जुनी पुस्तकंही विकत असाल तर 1 मे 2025 पासून पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. सुरू झाली तेव्हाचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, वर कर. जमिनीवरून जाते म्हणून रमतगमत पोचते, पण ट्रॅक होते. रेकॉर्ड त्यात घालायचा मोह नको. आणि रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं, तेव्हा 'रजिस्टर करा' असा आग्रह धरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना ते समजावून सांगावं लागेल. सही घेऊनच द्यायचं असेल तर स्पीड पोस्टावर ती सोय जादा पैसे भरून मिळते.

पत्त्याचं एक सांगते, कारण यात माझं पार्सल बारा दिवस फिरलंय. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका बाईंनी मला पिन लिहून पाठवला 400 064. तो मालाडचा. त्यांचा खरा 400 604. एक शून्य आणि एक सहा जागा बदलून बसले आणि पितळी समई ठाण्याऐवजी मालाड बघून आली. श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच, संस्कृतचे कवी आणि पोस्टातले मोठे अधिकारी, यांनी ही सहा आकड्यांची पद्धत बसवली, 15 ऑगस्ट 1972 ला ती सुरू झाली. पार्सल कुठल्या पोस्टात जायचं ते शेवटचे तीन आकडे ठरवतात. म्हणून हल्ली मी पत्ता आला की पिन आणि पोस्टाचं नाव जुळतंय का बघते, मग पूर्ण पत्ता परत टाइप करून घेणाऱ्याला पाठवते आणि 'बरोबर' असं उत्तर आल्याशिवाय मार्कर उचलत नाही.

भरपाईच्या भरवशावर राहू नका. पार्सल हरवलं, फुटलं, उशिरा पोचलं तर पोस्टाने स्वतः कबूल केलेल्या मर्यादेपलीकडे त्याला जबाबदार धरता येत नाही. 1898 चा कायदा जाऊन 18 जून 2024 पासून नवा आला, पण ही सूट कायम आहे. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत काय छापलंय तेही एकदा चष्मा लावून वाचा. दोन-तीन हजारांच्या वर गेलेल्या नगाला विमा काढा आणि त्याचे पैसे घेणाऱ्याकडून घ्या. 350 च्या नगाचा विमा म्हणजे वर सांगितलेलं सँडविच. बांधताना मोबाइल टेकवून एका दमात व्हिडिओ काढा: रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी, मग पुठ्ठा, मग खोकं, मग पत्ता. भांडायला उपयोग होईलच असं नाही, पण 'आधीच तडा होता' असं म्हणणाऱ्याचं तोंड बंद होतं. तसे महाभाग असतात.

आता प्रत्येक लिलावाच्या खाली, बोली सुरू होण्याआधी, असं काहीतरी लिहा. शब्द तुमचे घाला:

'पाठवणीचा आणि पॅकिंगचा खर्च वेगळा: महाराष्ट्रात इतके, बाहेर इतके. लिलाव मंगळवारी रात्री 10 ला सुटेल. पैसे बुधवारी रात्रीपर्यंत आले तर पार्सल शुक्रवारी निघेल, नाहीतर पुढच्या शुक्रवारी. दोन-तीन नग घेतलेत तर एकाच खोक्यात, एकच खर्च. पॅकिंगचा व्हिडिओ मिळेल. वाटेत फुटल्यास पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, पैसे परत.'

शेवटचं वाक्य वाचून दचकू नका. ते वाचून बोली चढते, स्वानुभव आहे. 'एकच खर्च' वाचून माणूस दुसऱ्या नगावरही बोली लावतो. आणि दोनशेच्या आतल्या सुट्या 78 लावणं बंद करा. चार-चारचे लॉट करा. चार रेकॉर्डचं खोकं बांधायला एका रेकॉर्डच्या चौपट वेळ लागत नाही. फक्त मध्ये मध्ये पुठ्ठा घाला.

काही लोक कुरकुरतील, 'पाठवणीचे दीडशे जास्त वाटतात' म्हणून. वाटू देत. 350 ला गेलेली रेकॉर्ड त्यांना 280 ला हवी असते, रस्ता फक्त वेगळा. एकदा खर्च कमी केलात की ते कोपराने खणायला लागतात.

दुबईवाल्यांना तूर्त नम्र नकार द्या. व्यापारासाठी बाहेर पाठवायचं तर आयात-निर्यात कोड लागतो, कस्टम्सचे फॉर्म भरावे लागतात. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षं ओलांडलेल्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्याकडे 1920 च्या आसपासची एखादी रेकॉर्ड असेल तर ती आता त्या वयात आली आहे, हे लक्षात असू द्या. आधी नागपूर नीट पोचू दे, दुबई पळून जात नाही.

राहिल्या वहिनी. त्यांचं वाक्य तुम्ही 'बंद करा' एवढंच ऐकलंत. मला त्यात पलंगाखालची खोकी ऐकू आली. आलेलं प्रत्येक खोकं 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवणारी जात मी ओळखते, मी त्यातलीच. दोन मापं ठरवा, रेकॉर्डचं एक आणि किरकोळ वस्तूंचं एक. पाच पदरी पुठ्ठ्याची, चपटी मिळतात, घडी करून कपाटामागे उभी राहतात. बाकीची या रविवारी भंगारवाल्याला, त्यांच्या देखत. आणि एक विनंती: बांधाबांधीला वहिनींना बसवू नका. 'जरा टेप धर गं' पासून सुरुवात होते आणि महिन्याभरात पॅकिंग खातं त्यांच्याकडे जातं. मी माझ्या नवऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं, त्याने अजून माफ केलेलं नाही.

बंद करायचं की नाही, ते असे सहा शुक्रवार करून पाहा आणि वहीत प्रत्येक नगाचा खरा हिशेब लिहा, रिक्षा आणि टेपसकट. तरीही 88 च उरत असतील तर रेकॉर्ड घरात ऐका, छान चीज आहे.

ग्रुपवर त्या गृहस्थाच्या फोटोखाली एकच ओळ टाका: 'पॅकिंगमध्ये माझी चूक झाली, पैसे परत केले आहेत.' खुलासा नको, कुरिअरच्या नावाने बोटं मोडणं नको. त्याने पुढे काही लिहिलं तर 'लाइक'चा अंगठा टाकून गप्प बसा. मात्र ओळ टाकण्याआधी पैसे खरोखर गेलेले असू देत. माझ्या वरच्या हिशेबाने 350 नाहीत, पाठवणीसकट पूर्ण 430, आणि त्यासाठी शुक्रवारची वाट बघू नका.